हिरडीच्या आत पडदा बसवायचा आहे, जंतुरोधक पडद्यासाठी थांबावं का?

अबोली | १२ जानेवारी, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय. जरा लांबलाय, पण कृपया शेवटपर्यंत वाचा.

वय ४८, मधुमेह सहा वर्षांपासून. गेल्या वर्षी उजवीकडच्या खालच्या दाढेशी घास अडकायला लागला, ब्रश करताना रक्त यायचं, सकाळी तोंडाला वास. शेवटी हिरड्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी खुणा असलेली बारीक सळई हिरडी आणि दात यांच्या फटीत घालून फटीची खोली मिलिमीटरमध्ये, एकेक आकडा करत सहायक मुलीला सांगायला सुरुवात केली. "तीन, दोन, तीन. दोन, तीन, तीन." मीही मनात मोजत होते. त्या दाढेपाशी आल्यावर "चार, पाच", मग जरा थांबून "आठ". लिहिता लिहिता त्या मुलीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

दोन बैठकांत मुळांपर्यंत खोल सफाई झाली. तीन महिन्यांनी बाकी सगळीकडे आकडे उतरले, रक्तही थांबलं, पण त्या जागी आठाचे सातच झाले. एक्स-रेमध्ये दाढेच्या मागच्या अंगाला हाडात उभा खळगा दिसतोय. आता हिरडी उघडून आतून सफाई, खळग्यात हाडाची भुकटी, त्यावर मेम्ब्रेन म्हणजे पडदा आणि टाके, असं ठरलंय. पडद्याचे पैसे वेगळे.

घरी येऊन वाचायला बसले तर जंतुरोधक पडद्यांवर ढिगाने लेख दिसले. अँटिबायोटिक भरलेले, चांदीचे, कोळंबीच्या सालांपासून केलेले. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीएवनसी) कधी सव्वासात, कधी आठ, त्यामुळे जखम चिघळण्याची धास्ती आहेच. असा पडदा इथे मिळतो का? की तो येईपर्यंत एखादं वर्ष थांबावं? आणि मुळात हा पडदा तिथे करतो तरी काय?

घाटमाथा | १२ जानेवारी, रात्री १०:५२

माझ्या वडिलांनी असल्या भानगडीत न पडता दाढ काढून टाकली. दहा वर्षं झाली, एका बाजूने चावतात, काही बिघडलं नाही. एवढा खर्च कशाला?

दंतवैद्य | १३ जानेवारी, सकाळी ७:३०

अबोलीताई, मी हिरड्यांचाच डॉक्टर आहे, गेली एकोणीस वर्षं हेच काम करतो. तुमचं तोंड मी पाहिलेलं नाही, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांच्या निर्णयावर बोलणार नाही. पडद्याबद्दल मात्र मोकळेपणाने सांगतो.

दात जबड्यात खिळ्यासारखा रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण ०.२ मिलिमीटरची फट असते आणि त्या फटीत हजारो तंतू ताणलेले असतात. पाळणा जसा दोऱ्यांवर, तसा दात या तंतूंवर तोललेला. तंतूंचं एक टोक हाडात आणि दुसरं मुळावरच्या सिमेंटम नावाच्या पातळ थरात. पायोरियात हिरडी, तंतू, सिमेंटम आणि हाड हे सगळंच खचत जातं.

हिरडी उघडून स्वच्छ केली की मुळाच्या उघड्या पृष्ठभागाकडे चार प्रकारच्या पेशी धावतात: हिरडीच्या वरच्या त्वचेच्या, हिरडीच्या आतल्या, हाडाच्या आणि तंतूंच्या. सगळ्यांत चपळ असते ती त्वचा. ती काही दिवसांतच मुळाला लगटून थेट तळापर्यंत उतरते. जखम वरून बरी दिसते, पण आत दात आणि हिरडी नुसती टेकलेली असतात, पुन्हा बांधली गेलेली नसतात. रान मोकळं सोडलं की आधी तण माजतं, तसं हे. पहिली पोहोचणारी पेशी कोणती त्यावर कसलं भरून येणार हे ठरतं, हा विचार मेल्चर या संशोधकाने १९७६ मध्ये मांडला. मग स्वीडनमध्ये निमन, लिंडे, कारिंग आणि रायलँडर यांनी १९८२ मध्ये तो माणसावर करून पाहिला. काढायच्याच ठरलेल्या एका खालच्या पुढच्या दातावर त्यांनी हिरडी आणि मूळ यांच्यामध्ये प्रयोगशाळेत गाळायला वापरतात तो मिलिपोर फिल्टर बसवला. तीन महिन्यांनी तो दात आजूबाजूच्या ऊतींसह काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर मुळावर नवं सिमेंटम आणि त्यात रुतलेले नवे तंतू! एका दाताचा पुरावा होता, पण आमच्या शास्त्राची दिशा त्याने बदलली.

तुमच्या दाढेत बसणारा पडदा हेच काम करतो. चपळ त्वचेला अडवून धरायचं आणि हळू वाढणाऱ्या तंतूंच्या पेशींना किमान चार ते सहा आठवडे जागा राखून द्यायची.

घाटमाथा, काढलेल्या दाढेची किंमत नंतर कळते. शेजारचे दात त्या जागेकडे कलंडतात, समोरची दाढ खाली उतरते. वडिलांना त्रास नाही हे चांगलंच आहे. पण ४८ व्या वर्षी, जागेवर नीट उभी असलेली दाढ असताना हा सल्ला मी देणार नाही.

पारवा | १३ जानेवारी, दुपारी १:१०

माझा अनुभव लिहितो. तेरा वर्षांपूर्वी वरच्या दाढेवर न विरघळणारा पडदा बसवला होता. पांढरा, टेफ्लॉनचा. सहा आठवड्यांनी पुन्हा हिरडी उघडून काढायचा होता. तिसऱ्या आठवड्यात आरशात पाहिलं तर हिरडीच्या कडेतून पांढरा कोपरा बाहेर आलेला. जिभेला खरखरीत लागायचा. दोन दिवसांत पू आणि असा वास, की बायकोशी बोलताना तोंडावर हात धरायचो. शेवटी तातडीने काढावा लागला. हाड काही भरलं नाही, हिरडी मात्र आणखी खाली गेली.

तेव्हा मी दिवसाला चार-पाच वेळा तंबाखू खायचो. मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. विचारायला हवं होतं, असं आजही वाटतं.

दंतवैद्य | १३ जानेवारी, रात्री ९:०५

पारवा, मनापासून वाईट वाटलं. तंबाखूबद्दल विचारणं ही आमची जबाबदारी असते.

तुमच्या बाबतीत जे झालं, त्यासाठीच हे जंतुरोधक पडद्यांचं संशोधन उभं राहिलंय. तुमचा पडदा बहुधा ताणलेल्या टेफ्लॉनचा असणार. त्याची छिद्रं ५ ते २० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात आणि जिवाणू साधारण एका मायक्रॉनचा. म्हणजे चाळणीतून रवा जावा तसे ते आत जातात. नंतर दाट टेफ्लॉन आलं, त्याची छिद्रं ०.३ मायक्रॉनहून लहान असतात. ते मुख्यतः हाड वाढवण्यासाठी, इम्प्लांटच्या आधी वापरतात.

आता बहुतेक ठिकाणी कोलॅजेनचा (प्राण्यांच्या ऊतींतलं एक प्रथिन), आपोआप विरघळणारा पडदा बसवतात. दुसरं ऑपरेशन वाचतं, हिरडीही त्याला चांगली धरते. पण त्याचा शत्रू तोंडातच बसलेला. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस हा पायोरियाचा मुख्य जिवाणू कोलॅजेन कापणारी विकरं (एन्झाइम) सोडतो. जंतूंशी लढायला आलेल्या आपल्याच पांढऱ्या पेशीही तसली विकरं सोडतात. पडदा उघडा पडला तर आठवडे टिकायचा तो काही दिवसांत लगदा होतो, आणि कुंपण गेलं की त्वचा पुन्हा आत.

सूतकताई | १४ जानेवारी, रात्री ११:४०

धागा वाचून राहवलं नाही. माझी पीएचडी याच पडद्यांवर झाली, म्हणून प्रयोगशाळेच्या बाजूने लिहिते.

हे पडदे आम्ही अक्षरशः कातायचो. पॉलिमर द्रावकात विरघळवून सिरिंजमध्ये भरायचा, सुईला पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब द्यायचा आणि समोर वीतभर अंतरावर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल लावायची. सुईच्या टोकाशी थेंब येतो, विजेच्या ओढीने तो शंकूसारखा निमुळता होतो आणि त्या टोकातून डोळ्यांना जेमतेम दिसणारी धार सुटते. वाटेत द्रावक उडून जातो आणि फॉइलवर साठतात ते केसाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही बारीक धागे. चार तासांनी फॉइलवरून सोलून काढलं की हातात कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा पांढरा पडदा येतो. पहिल्यांदा तो न फाटता निघाला तेव्हा मी तो उजेडात धरून कितीतरी वेळ बघत बसले होते. शरीरातल्या पेशी ज्या जाळ्यात राहतात त्याच्याशी या धाग्यांची ठेवण मिळतीजुळती असते, म्हणून पेशी त्यांना आनंदाने चिकटतात.

औषध त्याच द्रावणात मिसळता येतं. मेट्रोनिडाझोल पुष्कळ वापरतात, कारण पायोरियाचे मुख्य जिवाणू प्राणवायूशिवाय जगणारे असतात आणि हे औषध नेमकं त्यांच्यावर चालतं, आपल्या पेशींना फारसा धक्का लावत नाही. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा फायदा दुहेरी. ते जिवाणूंची वाढ रोखतं आणि डॉक्टरांनी वर लिहिलेल्या कोलॅजेन कापणाऱ्या विकरांनाही आवर घालतं.

२०११ मध्ये मार्को बॉटिनो या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी दोन तोंडांचा पडदा मांडला, तो मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतो. हाडाकडच्या बाजूला हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइटचे सूक्ष्म कण, म्हणजे हाडातलंच खनिज. हिरडीकडच्या बाजूला मेट्रोनिडाझोल. मध्ये ताकद देणारा थर. एकाच पडद्याने एकीकडे बोलवायचं आणि दुसरीकडे हाकलायचं.

आता अडचणी. पहिली: औषध एकदम सुटतं. धाग्यांच्या पृष्ठभागावर असलेलं औषध पहिल्या एक-दोन दिवसांतच धुऊन जातं, आणि आम्हाला तर ते आठवडे पुरवायचं असतं. यासाठी धाग्याच्या गाभ्यात औषध आणि वर आवरण, असे कितीतरी प्रकार करून बघतात. दुसरी: जंतूंना जे मारतं ते आपल्या पेशींनाही मारू शकतं. चांदीचे नॅनोकण, झिंक ऑक्साइड, क्लोरहेक्झिडिन हे जंतुनाशक, सगळ्यांचं तेच. मात्रा जरा वाढली की हिरडीच्या पेशी आकसून गोल होतात आणि तळापासून सुटतात. माझ्या एका तुकडीत जिवाणू शून्य होते आणि पेशीही शून्य. त्या दिवशी रडू आलं होतं. तिसरी: काचेच्या बशीतला जिवाणू एकटा असतो. बशीत पडद्याच्या तुकड्याभोवती स्वच्छ वर्तुळ उमटलं की आपण खूश होतो. तोंडात मात्र शेकडो जाती चिकट थर करून राहतात आणि त्या थरात त्यांना मारायला कित्येक पट औषध लागतं.

अबोलीताई, म्हणून सांगते, थांबू नका. डॉक्सिसायक्लिन मिसळलेला अ‍ॅट्रिसॉर्ब-डी अमेरिकेत बाजारात आलाही होता, पण तुम्ही वाचलेल्या लेखांतले बहुतेक पडदे अजून बशीत किंवा प्राण्यांवर आहेत. दरम्यान तुमचा खळगा आहे तेवढाच राहील याची खात्री नाही.

वेलांटी | १५ जानेवारी, सकाळी ८:२०

मला वेगळीच शंका आहे. आम्ही जैन. आईला असाच पडदा सुचवलाय. कोलॅजेन कशाचं असतं? विचारायला संकोच वाटतो.

दंतवैद्य | १५ जानेवारी, दुपारी २:४५

संकोच नको, जरूर विचारा. कोलॅजेनचे पडदे डुकराच्या, गाई-बैलाच्या किंवा माशाच्या ऊतींपासून करतात. आपल्याकडे माशाच्या कोलॅजेनचेही मिळतात. हाडाची भुकटीही बऱ्याचदा जनावरांच्या हाडाची असते, तेही विचारा. प्राण्यांचं काहीच नको असेल तर पॉलिलॅक्टिक आम्लासारख्या कृत्रिम पॉलिमरचे पडदे आहेत आणि कृत्रिम भुकटीही आहे. आणखी एक मार्ग म्हणजे रुग्णाच्याच रक्ताचा पीआरएफ (प्लेटलेट-रिच फायब्रिन). फ्रान्समध्ये शुक्रुन या डॉक्टरांनी २००१ मध्ये ही पद्धत आणली. हाताच्या शिरेतून रक्त काढून, गोठू न देणारं काहीही न घालता, लगेच दहा-बारा मिनिटं यंत्रात फिरवायचं. नळीच्या मधल्या भागात पिवळसर जेलीसारखी गुठळी येते, ती दाबली की पडदा तयार. तो एक-दोन आठवड्यांत विरतो, त्यामुळे कुंपण म्हणून तोकडा पडतो, पण खळग्यात भरायला मी तो बऱ्याचदा वापरतो.

तुमच्या श्रद्धेत काय बसतं हे ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा. खुर्चीवर बसल्यावर हा प्रश्न निघाला तर दोघांचीही पंचाईत होते.

खाडीकाठ | १५ जानेवारी, रात्री १०:३०

कोळंबीच्या सालांचा उल्लेख वाचून थांबलो. आमचा धंदाच मासळीचा. सोललेल्या कोळंबीची टरफलं दारामागे ढिगाने पडतात, कुजतात, वास सुटतो. त्यापासून दाताचा पडदा कसा होतो? आणि ज्यांना कोळंबी चालत नाही, अंगावर गांध्या उठतात, त्यांनी काय करायचं?

सूतकताई | १६ जानेवारी, रात्री १२:१०

खाडीकाठदादा, टरफलातला चुना आम्लाने काढायचा, प्रथिनं अल्कलीने काढायची, उरतं ते कायटिन. ते तीव्र अल्कलीत तापवलं की कायटोसान होतं. किंचित आम्लात ते विरघळतं आणि त्याच्या रेणूंवर धन भार येतो. जिवाणूंच्या आवरणावर ऋण भार असतो, त्यामुळे कायटोसान त्यांना चिकटून आवरण फाडतं. म्हणजे वरून औषध न घालताही ते थोडंफार जंतुरोधक असतं. अडचण अशी, की साध्या उदासीन माध्यमात तो भार बराच उतरतो आणि धार बोथट होते. नुसत्या कायटोसानचा पडदा ओला झाला की लेचापेचाही पडतो, म्हणून दुसऱ्या पॉलिमरबरोबर मिसळतात.

अ‍ॅलर्जी मुख्यतः कोळंबीच्या मांसातल्या प्रथिनाची असते आणि शुद्ध कायटोसानमध्ये प्रथिन फारच कमी उरतं. तरी ज्यांना त्रास होतो त्यांनी डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे.

घाटमाथा | १६ जानेवारी, सकाळी ९:१५

पडद्यात औषध घालण्यापेक्षा गोळ्या घेतल्या तर? पाच दिवसांचा कोर्स आणि काम झालं.

दंतवैद्य | १६ जानेवारी, दुपारी ३:३०

गोळीचं औषध आख्ख्या शरीरात पसरतं, त्या फटीत अगदी थोडं पोहोचतं, आणि जंतूंच्या चिकट थरापुढे तेवढं पुरत नाही. शिवाय पोटातल्या जिवाणूंना उगाच फटका बसतो आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू तयार होण्याची भीती वाढते. २०२० च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांतही पायोरियासाठी सरसकट अँटिबायोटिक देऊ नये असं म्हटलंय. काही रुग्णांना मी देतो, पण विचार करून. कमी मात्रा बराच काळ पाझरणाऱ्या पडद्याबाबतही हीच काळजी आहे, म्हणून कायटोसान, झिंक, जैवसक्रिय काच यांच्याकडे संशोधकांचा ओढा आहे.

अबोलीताई, एक आकडा सांगायचा राहिला. त्याच मार्गदर्शक सूचनांनुसार हाडातला खळगा ३ मिलिमीटर किंवा जास्त खोल असेल आणि तिथे खोल फट उरली असेल, तर असं पुनर्निर्माणाचं ऑपरेशन करावं. फायदा किती? नुसती हिरडी उघडून सफाई करणं आणि पडदा बसवणं यांची तुलना कॉक्रेन या, उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २००६ च्या आढाव्यात आहे. पडद्यामुळे दाताची पकड सरासरी १.२२ मिलिमीटर जास्त मिळाली. ऐकायला थोडं वाटतं, पण सातातून एवढं वजा होणं म्हणजे दाढ राहण्या-जाण्याचा फरक असू शकतो. सरासरीच्या वर-खाली पुष्कळ जण असतात. अरुंद, खोल, तिन्ही बाजूंनी हाड असलेला खळगा चांगला भरतो. हाड सगळीकडून सपाट झिजलेलं असेल तर पडदा कुठलाही असो, उपयोग नाही.

आणि साखर. एचबीएवनसी ७ च्या वर असेल तर आम्ही आजार जलद वाढणारा धरतो. तुमचं सव्वासात-आठ आहे. ऑपरेशन महिनाभर पुढे ढकलावं लागलं तरी चालेल, आधी ते सातखाली आणा. जंतुरोधक पडद्याकडून तुम्हाला जे हवंय, त्यातलं बरंचसं या एका आकड्यात आहे.

जाईजुई | १७ जानेवारी, सकाळी ६:५०

डॉक्टर, मशेरीबद्दल लिहा ना. माझी आई आयुष्यभर तव्यावर तंबाखू भाजून, चुरून दातांना लावत आलीय. तिला ते दात घासणंच वाटतं. "मी कुठं तंबाखू खाते?" म्हणते. तिच्या हिरड्यांतून रक्त येत नाही, म्हणून सगळं ठीक आहे असं तिला वाटतं.

दंतवैद्य | १७ जानेवारी, रात्री ९:२०

रक्त न येण्यावर भरवसा ठेवू नका. तंबाखूत हिरडीची सूज आणि रक्त येणं बऱ्याचदा झाकलं जातं, आणि आत हाड झिजत राहतं. माझ्याकडे अशा कितीतरी आज्या आल्या, हिरड्या वरून घट्ट, काळपट, आणि दात हाताला हलणारे. दिवसातून चार वेळा लावत असतील तर आधी सकाळची तेवढी ठेवून बाकीच्या सोडवा आणि हातात मऊ ब्रश द्या. एकदा तपासणीला घेऊन या. मुंबईत नायर दंत महाविद्यालय आहे, शासकीय दंत महाविद्यालय आहे. नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय आहेत. खासगीपेक्षा खर्च पुष्कळ कमी येतो.

अबोली | ३ मार्च, रात्री ९:३०

उशिरा लिहितेय. रोज संध्याकाळी पाऊण तास चालणं, रात्रीचा भात बंद, गोळी बदलली. एचबीएवनसी ६.९ आला. २४ फेब्रुवारीला ऑपरेशन झालं. मी आधीच विचारलं होतं, म्हणून डॉक्टरांनी पडद्याचं पाकीट उघडण्याआधी दाखवलं. माशाचं कोलॅजेन. कात्रीने कापून तो दाढेच्या आकाराचा केला, मिठाच्या पाण्यात भिजवला, तेव्हा ओल्या टिश्यू पेपरसारखा दिसत होता. एवढ्याशा पापुद्र्यावर एवढं सगळं अवलंबून आहे हे बघून नवल वाटलं.

दहाव्या दिवशी टाके काढायचे आहेत. त्या जागी ब्रश लावायचा नाही, क्लोरहेक्झिडिनच्या गुळण्या चालू आहेत. चहाची चव गेलीय आणि दात तपकिरी पडलेत, ते नंतर साफ करता येतात म्हणाले. पारवा, तुमचं वाचल्यापासून रोज सकाळी आरशात, टॉर्च लावून हिरडीची कड बघते. अजून पांढरं काही दिसलेलं नाही.

पारवा | ४ मार्च, सकाळी ७:०५

बघत राहा. काही वेगळं वाटलं तर फोन करून वाट बघू नका, थेट जा. मी दोन दिवस घालवले होते.

अबोली | ५ सप्टेंबर, रात्री ८:४०

सहा महिने फटीत सळई घालायची नाही असं सांगितलं होतं. आज घातली. तीच खुर्ची, तीच सहायक मुलगी. त्या दाढेशी आल्यावर डॉक्टर म्हणाले, "तीन, तीन," मग पुन्हा एकदा नीट बघून "चार". मुलीने लिहून घेतलं. एक्स-रेमध्ये खळग्याच्या जागी धूसर पांढरट दिसतंय. त्यातलं भुकटी किती आणि नवं हाड किती हे आत्ता सांगता येणार नाही, वर्षाने पुन्हा काढू म्हणाले. दाढेच्या मागे फिरवायला बारीक ब्रश दिलाय, तो रोज रात्री. पुढची सफाई डिसेंबरात.

वेलांटी, तुमच्या आईचं काय ठरलं?